संस्था-रचनेतील नमुने : सुटलेला प्रश्न पुन्हा नव्याने का सोडवावा?

महाराष्ट्रातील एखाद्या शेतकऱ्याने जमीन विकत घेतली, अथवा वडिलांच्या पश्चात ती वारसांकडे आली, की गावच्या महसुली दप्तरात होणारी पहिली नोंद गाव नमुना ७ मध्ये होत नाही. ती होते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत. तेथे तिला क्रमांक मिळतो. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच गाव नमुना ७ मधील नाव बदलते. बदलताना त्या नावाशेजारी फेरफार क्रमांकही येतो. गाव चंदगड तालुक्यातील असो की किनवट तालुक्यातील, नमुना एकच आणि क्रमही एकच.

या व्यवस्थेकडे सवयीमुळे कोणी कुतूहलाने पाहत नाही. परंतु 'नमुना' या शब्दात एक मोठा विचार दडलेला आहे. गाव नमुना म्हणजे केवळ छापील रकाने नव्हेत. हजारो गावांत पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या एका प्रश्नाचे ते अनुभवाने ठरलेले उत्तर आहे. मालकी बदलत राहणार. मग नोंद खरी कशी राहावी, आणि ती कोणी, केव्हा व कशाच्या आधारे बदलली हे पन्नास वर्षांनंतरही कसे सांगता यावे, हा तो प्रश्न होय. प्रत्येक गावाने त्याचे उत्तर आपापल्या परीने शोधले असते, तर जमिनीच्या दाव्यांना अंत राहिला नसता.

आज मोठ्या संस्थांपुढे, मग त्या शासकीय असोत, सहकारी असोत वा खाजगी, असाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. त्यांचे कामकाज शेकडो संगणक-प्रणालींवर चालते. या प्रणाली निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या विभागांनी आणि निरनिराळ्या पुरवठादारांकडून घेतलेल्या असतात. त्यांचा परस्परांशी मेळ घालण्याचे शास्त्र 'एंटरप्राइज आर्किटेक्चर', म्हणजेच संस्था-रचना, या नावाने ओळखले जाते. या शास्त्रात तपासलेल्या नमुन्यांचा पुनर्वापर कसा होतो आणि त्यातून काय साधते, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

संस्था-रचना म्हणजे काय?

एका इमारतीचा नकाशा निराळा आणि संपूर्ण शहराचा विकास आराखडा निराळा. इमारतीच्या नकाशात विटा, तुळया, दारे-खिडक्या असतात. विकास आराखड्यात रस्ता कोठून जाईल, पाणी कोठून येईल, शाळेसाठी जागा कोठे राखावी आणि जुनी पेठ हलविता येत नसल्यास तिच्या भोवतीने वाहतूक कशी न्यावी, याचा विचार असतो. एकेक संगणक-प्रणाली बांधणे हे इमारत बांधण्यासारखे आहे. संस्थेची उद्दिष्टे, तिची कार्ये, त्या कार्यांना लागणारी माहिती, ती माहिती हाताळणाऱ्या प्रणाली आणि त्यांखालची यंत्रसामग्री या सर्वांचा एकत्र विचार करणे हे शहर-नियोजनासारखे आहे.

या विचाराला शिस्तबद्ध रूप देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न जॉन झॅकमन यांनी केला. १९८७ मध्ये 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी माहिती-प्रणालीच्या रचनेकडे निरनिराळ्या व्यक्ती कोणकोणत्या नजरेने पाहतात याचा तक्ता मांडला. पुढे १९९५ मध्ये 'दि ओपन ग्रुप' या संघटनेने 'टोगॅफ' ही कार्यचौकट प्रसिद्ध केली. तिचा पाया अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पूर्वीच्या कामावर रचलेला होता. १९९६ मध्ये अमेरिकेत क्लिंगर-कोहेन कायदा झाला आणि केंद्रीय खात्यांच्या माहिती-अधिकाऱ्यांवर अशी रचना तयार करून ती सांभाळण्याची जबाबदारी आली.

या चौकटींनी विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली; परंतु त्यांच्या वापरात एक अडचण वारंवार आली. चौकट विस्तृत असते आणि ती सर्व काही सांगू पाहते. ती हाती घेणारी संस्था मग सर्व काही लिहून काढण्याच्या मागे लागते. प्रत्येक विभागाकडे लांबलचक प्रपत्रे जातात. माहिती गोळा होता होता वर्ष सरते. तोवर निम्मी माहिती शिळी झालेली असते, आणि ती कशासाठी मागविली होती हे मागविणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. एकाच माहितीसाठी पाच कार्यालयांची पाच प्रपत्रे भरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या अडचणीचे स्वरूप वेगळे समजावून सांगावयास नको.

वास्तुशिल्पातून आलेली कल्पना

या अडचणीवरील उपायाचे मूळ संगणकशास्त्रात नसून घरे बांधण्याच्या शास्त्रात आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे गणित आणि वास्तुशिल्प या दोहोंचे अभ्यासक. त्यांच्या १९६४ च्या प्रसिद्ध ग्रंथात भारतातील एका खेड्याच्या पुनर्रचनेचे सविस्तर उदाहरण आहे. त्या खेड्याच्या १४१ गरजा त्यांनी नोंदविल्या आणि कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे तपासले. एक गरज भागविताना दुसरी बिघडते, म्हणून परस्परांत गुंतलेल्या गरजांचे गट पाडून त्यांचा एकत्र विचार करावा, हा त्या मांडणीचा गाभा होता.

याच विचाराचे परिपक्व रूप म्हणजे अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'अ पॅटर्न लँग्वेज' हा ग्रंथ. त्यात २५३ नमुने आहेत. प्रदेश आणि शहर यांच्या रचनेपासून ते खोली, खिडकी आणि बैठकीपर्यंत त्यांचा आवाका आहे. एक नमुना सज्जासंबंधी आहे. सज्जा सहा फुटांहून कमी रुंद असेल तर लोक तो क्वचितच वापरतात, कारण तेथे दोन-तीन माणसांना मध्ये लहान मेज ठेवून निवांत बसता येत नाही. म्हणून सज्जा निदान सहा फूट रुंद असावा, असे तो सांगतो. दुसऱ्या एका नमुन्यात प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा असे सांगितले आहे, कारण एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही.

या नमुन्यांत केवळ नियम नसतो, नियमाचे कारणही असते. कोणत्या परिस्थितीत कोणता प्रश्न पडतो, कोणत्या गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढ घेतात, कोणत्या उत्तराने त्यांचा समतोल साधतो आणि पुढे कोणता नमुना पाहावा, हे त्यात क्रमाने येते. कारण ठाऊक असल्यामुळे वापरणाऱ्याला आपल्या परिस्थितीनुरूप त्यात फेरबदल करता येतो. नियम आणि नमुना यांतील भेद हाच होय.

संगणक-कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी ही कल्पना लवकरच उचलली. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी कार्यक्रम-लेखनात नमुन्यांचा प्रयोग मांडला. १९९४ मध्ये एरिक गामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या ग्रंथाने २३ नमुने प्रचलित केले. ती नावे या व्यवसायाच्या नित्याच्या भाषेत रुळली. दोन अनोळखी अभियंते एक नाव उच्चारून संपूर्ण रचना परस्परांना कळवू लागले, हा त्याचा मोठाच लाभ झाला.

म्युनिकचा नमुना-संग्रह

संस्था-रचनेच्या व्यवस्थापनाला ही पद्धत पद्धतशीरपणे लावण्याचे काम जर्मनीतील म्युनिकच्या तंत्र विद्यापीठात झाले. प्राध्यापक फ्लोरियान माथेस यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी प्रथम 'सॉफ्टवेअर-नकाशाशास्त्र' या विषयावर काम केले. मोठ्या उद्योगांतील प्रणालींचे चित्र कागदावर कसे काढावे, हा त्यांचा प्रश्न होता. उद्योगांत वापरात असलेली चित्रे तपासता तपासता त्यांच्या ध्यानी आले की, नावे आणि रंग निराळे असले तरी त्याच त्या मोजक्या आकृत्या पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातून २००८ मध्ये संस्था-रचना व्यवस्थापनाचा नमुना-संग्रह प्रसिद्ध झाला.

या संग्रहाची मांडणी मनन करण्याजोगी आहे. त्याचा आरंभ माहितीच्या यादीने होत नाही, 'चिंता' किंवा 'विवंचना' यांनी होतो. व्यवस्थापकाला नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे, त्याला कशाची काळजी वाटते, हे प्रथम ठरवावयाचे. त्यानंतर तीन प्रकारचे नमुने येतात. पहिला प्रकार कार्यपद्धतीच्या नमुन्यांचा : ती विवंचना दूर करण्यासाठी कोणी, कोणत्या क्रमाने, काय करावे. दुसरा दर्शनाच्या नमुन्यांचा : त्या कामासाठी माहिती कोणत्या आकृतीत वा तक्त्यात पाहावी. तिसरा माहितीच्या रचनेच्या नमुन्यांचा : ती आकृती काढण्यासाठी कोणत्या वस्तूंची आणि त्यांच्यातील कोणत्या संबंधांची नोंद असावी लागते.

हे तीन प्रकार साखळीसारखे जोडलेले आहेत. विवंचना कार्यपद्धतीकडे नेते, कार्यपद्धती आकृतीकडे आणि आकृती नोंदीकडे. जी नोंद कोणत्याही आकृतीला लागत नाही आणि जी आकृती कोणत्याही विवंचनेचे उत्तर देत नाही, तिला येथे स्थान नाही. जेवढा प्रश्न तेवढीच माहिती, हा या पद्धतीचा संयम आहे. संस्थेने संपूर्ण चौकट एकदम स्वीकारण्याची गरज उरत नाही. आजच्या विवंचनेपुरते नमुने निवडावेत आणि पुढे गरज पडेल तशी भर घालावी.

एका बँकेचे कल्पित उदाहरण

समजा, एका जिल्हा सहकारी बँकेच्या ६० शाखा आहेत. बँकेच्या काही प्रणाली ज्या संगणकीय उत्पादनावर चालतात, त्या उत्पादनाची देखभाल त्याचा निर्माता वर्षभराने थांबविणार आहे असे तिला कळते. त्यानंतर त्यात दोष आढळला तरी दुरुस्ती मिळणार नाही, आणि ठेवीदारांच्या पैशाच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे. अशा वेळी बँकेने काय करावे?

सवयीचा मार्ग म्हणजे सर्व शाखांना परिपत्रक धाडणे. त्यासोबत ८० रकान्यांचे प्रपत्र जाते. शाखा-व्यवस्थापक ते कारकुनाकडे देतो. काही शाखांतून माहिती येते, काहींना स्मरणपत्रे जातात, काही अंदाजाने भरतात. मुख्य कार्यालयात कागदांचा ढीग जमतो. परंतु 'पीककर्जाचे वाटप थांबेल काय?' या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या ढिगातून निघत नाही.

नमुन्यांच्या मार्गाने गेल्यास प्रथम विवंचना एका वाक्यात लिहिली जाईल : या उत्पादनावर कोणती प्रणाली अवलंबून आहे आणि ती बंद पडल्यास कोणत्या शाखेतील कोणते काम अडेल? त्यासाठी उपयोगी पडणारे दर्शन संग्रहात आधीच आहे. तो एक साधा चौकटींचा तक्ता आहे. आडव्या ओळींत कार्यालये, उभ्या रकान्यांत ठेवी, कर्जवाटप, वसुली, हिशेब यांसारखी कार्ये, आणि प्रत्येक चौकटीत त्या ठिकाणी ते काम करणाऱ्या प्रणालीचे नाव. धोक्यातील प्रणाली तेवढ्या तांबड्या रंगाने भराव्यात.

हा तक्ता भरण्यासाठी काय लागते? कार्यालय, कार्य, प्रणाली, तांत्रिक उत्पादन आणि त्याच्या देखभालीची अंतिम तारीख. तसेच कोणती प्रणाली कोणत्या कार्यालयात कोणत्या कार्याला साह्य करते आणि कोणत्या उत्पादनावर चालते, हे दोन संबंध. एवढे पुरे. ८० रकान्यांची गरज उरत नाही. खरेदी विभागाच्या याद्या आणि विभागप्रमुखांच्या मुलाखती यांतून हे काम काही आठवड्यांत होण्याजोगे आहे. तयार झालेला तक्ता संचालक मंडळापुढे ठेवला, तर संगणकशास्त्र न शिकलेल्या संचालकालाही दिसते की वसुलीचा उभा रकाना सर्वत्र तांबडा आहे, पीककर्जाच्या रकान्यात मात्र मोजक्याच शाखा तांबड्या आहेत. पैसा प्रथम कोठे खर्चावा, हा निर्णय मग तर्कावर सोडावा लागत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. आज खरा असलेला तक्ता सहा महिन्यांनीही खरा कसा राहावा? येथे गावचे दप्तर उपयोगी पडते. मूळ नोंदवहीत थेट हात घालू नये. प्रत्येक बदल प्रथम क्रमांक देऊन फेरफारात नोंदवावा, ज्यांच्याशी त्याचा संबंध आहे त्यांना कळवावा, जबाबदार अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा आणि मगच मूळ नोंद बदलावी. प्रणालींची यादी सांभाळण्यासाठीही नेमकी हीच शिस्त लागते. नवी प्रणाली विकत घेण्याची, जुनी बंद करण्याची वा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेण्याची मंजुरी आणि यादीतील फेरफार या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या, म्हणजे यादी ताजी ठेवण्यासाठी स्वतंत्र मोहीम काढावी लागत नाही.

व्यवहारातील तीन नमुने

मोठ्या संस्थांत, विशेषतः शासनव्यवहारात, फार उपयोगी पडलेल्या तीन नमुन्यांचा येथे परिचय करून घेता येईल.

पहिला नमुना सामाईक ओळख-संकेताचा. वडगाव किंवा पिंपळगाव या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. महसूल, शिक्षण आणि आरोग्य या विभागांनी आपापल्या यादीत गावाचे नाव आपापल्या पद्धतीने लिहिले, तर तीन याद्या जुळविणे दुष्कर होते. उपाय असा की, सर्वांनी एकाच अधिकृत सूचीतील संकेतांक वापरावा आणि ती सूची सांभाळण्याची जबाबदारी एकाकडेच असावी. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका हे काम करते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायत यांना तीत संकेतांक दिलेले आहेत. या नमुन्याची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. गावाचे विभाजन झाले वा नवा तालुका निर्माण झाला, की सूची तत्परतेने सुधारली पाहिजे. ती मागे पडली, तर तिच्यावर विसंबणारे सर्वच एकदम चुकतात.

दुसरा नमुना माहिती जेथे निर्माण होते तेथेच ठेवण्याचा. सर्व विभागांची माहिती एका प्रचंड कोठारात ओतावी, असा मोह पुष्कळदा होतो. एस्टोनिया या बाल्टिक देशाने २००१ मध्ये निराळी वाट निवडली. 'एक्स-रोड' या व्यवस्थेत प्रत्येक संस्थेची माहिती तिच्याकडेच राहते. दुसऱ्या संस्थेला कायद्याने अधिकार असेल, तर ती सुरक्षित मार्गाने तेवढीच माहिती विचारते. मागणी आणि उत्तर या दोहोंवर इलेक्ट्रॉनिक मोहोर उमटते आणि त्यांची कालनोंद राहते. नागरिकाने शासनाला एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने त्याच्याकडे पुन्हा मागू नये, हे तत्त्व त्यामुळे व्यवहारात आणता आले. फिनलंडने हाच नमुना स्वीकारला आणि २०१७ मध्ये दोन्ही देशांनी त्याच्या विकासासाठी संयुक्त संस्था स्थापन केली. मात्र प्रत्येक संस्थेला आपली सुरक्षा-यंत्रणा अहोरात्र चालू ठेवावी लागते आणि कोणी काय विचारावे याला कायद्याचा आधार असावा लागतो. यंत्र घेतले आणि कायदा केला नाही, तर नमुना अर्धवट राहतो.

तिसरा नमुना जुन्या प्रणालीच्या जागी नवी आणण्याचा. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये त्याला नाव दिले ते ऑस्ट्रेलियातील अरण्यात पाहिलेल्या एका जातीच्या वृक्षावरून. हा वृक्ष दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतो, हळूहळू मुळे खाली सोडतो आणि शेवटी मूळ झाड नाहीसे होऊन तोच उभा राहतो. जुन्या भिंतीवर वा ताडाच्या खोडावर रुजलेला वड-पिंपळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही उपमा सहज पटेल. जुनी प्रणाली एका रात्रीत बंद करून नवी सुरू करणे धोक्याचे असते, कारण जुन्या प्रणालीत वर्षानुवर्षे भरलेले बारकावे कोणाच्याच लक्षात नसतात. त्याऐवजी एकेक काम नव्या प्रणालीकडे वळवावे, ते स्थिरावले की पुढचे घ्यावे आणि जुनीकडे काहीच उरले नाही म्हणजे ती बंद करावी. यात जोखीम घटते. परंतु मधल्या काळात दोन्ही प्रणालींचा खर्च सोसावा लागतो. शेवटचा टप्पा पुरा केला नाही, तर दोन्ही कायमच्या मानगुटीवर बसतात.

नमुना कसा निवडावा, कसा लिहावा?

चांगल्या नमुन्यात काही गोष्टी आवर्जून असाव्या लागतात : लक्षात राहील असे नाव, तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो याचे वर्णन, मूळ प्रश्न, परस्परविरोधी ताण, उत्तर, त्या उत्तराचे बरे-वाईट परिणाम आणि तो प्रत्यक्ष जेथे वापरला गेला त्या ठिकाणांचे दाखले. नमुन्यांच्या अभ्यासकांत एक संकेत रूढ आहे. निदान तीन ठिकाणी तेच उत्तर स्वतंत्रपणे यशस्वी झाल्याचे दिसल्याखेरीज त्याला नमुना म्हणू नये. नमुना कल्पनेतून रचावयाचा नसतो. तो अनुभवातून वेचावयाचा असतो.

म्हणूनच नमुन्यांचा संग्रह करू इच्छिणाऱ्या संस्थेने प्रथम स्वतःच्याच अनुभवाकडे पाहावे. एका विभागाने एखादा प्रश्न चांगला सोडविला, की ते ज्ञान बहुधा त्या अधिकाऱ्याबरोबर बदलीच्या गावी जाते अथवा त्याच्या निवृत्तीबरोबर संपते. दोन पानांत प्रश्न, कारण, उत्तर आणि परिणाम लिहून ठेवले, तर ते संस्थेचे होते. नमुन्यांच्या पुनर्वापराने पैसा वाचतो हे खरे. परंतु अनुभव वाचतो, हा लाभ त्याहून मोठा आहे.

सावधगिरीचे मुद्दे

नमुन्याच्या नावाखाली आंधळे अनुकरणही होऊ शकते. दुसरीकडे यशस्वी झालेले उत्तर परिस्थिती न तपासता उचलले, तर ते अंगलट येते. सहा फुटी सज्जाचा नमुना लोक तेथे बसू इच्छितात असे गृहीत धरतो. ज्या सज्जावर केवळ कपडे वाळत घालावयाचे आहेत, तेथे तो खर्च व्यर्थ आहे. म्हणून नमुन्यातील 'परिस्थिती' हा भाग वगळून केवळ 'उत्तर' वाचणे ही मोठी चूक होय.

दुसरा धोका असा की, ज्या गोष्टीला नमुन्यात रकाना नाही ती नजरेआड होते. शाखेतील एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या सोयीसाठी चालविलेली हिशेबाची वही वा छोटा तक्ता कोणत्याच अधिकृत यादीत नसतो. तरीही ते काम त्यावरच तोललेले असते. तक्ता भरणाऱ्याने म्हणूनच प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, नमुना टिकवूनही त्याची अंमलबजावणी बदलता येते आणि काळानुसार ती बदलली पाहिजे. गाव नमुना १२ मधील पिकांची नोंद पूर्वी महसुली कर्मचारी करीत असे. २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला मोबाईलच्या साह्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करता येऊ लागली. कोणत्या भूमापन क्रमांकात कोणते पीक उभे आहे, हा प्रश्न तोच राहिला. नोंद करणारा हात बदलला.

भारतातील वाटचाल

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये 'इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर', म्हणजेच 'इंडिया' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी कार्यचौकट प्रसिद्ध केली. तीत कामगिरी, कार्यव्यवहार, उपयोजने, माहिती, तंत्रज्ञान, एकात्मीकरण, सुरक्षा आणि नियमन असे आठ संदर्भ-नमुने आहेत. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांनी प्रत्येक गोष्ट नव्याने न रचता या सामाईक पायावर आपली रचना उभी करावी, आणि नागरिकाला शासन अनेक खात्यांचे न वाटता एकसंध वाटावे, ही त्यामागील दृष्टी आहे.

पुनर्वापराची काही फळे लोकांच्या परिचयाची झालीही आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये कागदपत्र देणारी संस्था, ते धारण करणारा नागरिक आणि ते मागणारे कार्यालय अशी तीन अंगे स्पष्टपणे वेगळी केली आहेत. एकदा हा नमुना सिद्ध झाल्यावर वाहन-परवाना असो की गुणपत्रिका, त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था रचावी लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. सेवा अनेक आणि खाती अनेक असली, तरी अर्ज, पोच, छाननी, निर्णय आणि अपील हा क्रम सर्वत्र बहुतांशी सारखाच असतो. हा क्रम एकदा नीट बांधला, म्हणजे नवी सेवा जोडताना श्रम केवळ तिच्या वेगळेपणावर खर्च करावे लागतात.

संस्था-रचना हा विषय संगणकतज्ज्ञांचा वाटतो. परंतु त्याचा भार शेवटी खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसावर पडतो. दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी दोनदा आलेल्या मजुराचा बुडालेला रोज, तीच माहिती चौथ्यांदा लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचे वाया गेलेले श्रम आणि एका खात्याने सोडविलेला प्रश्न दुसऱ्या खात्याने पुन्हा पहिल्यापासून सोडविताना झालेला सार्वजनिक पैशाचा व्यय, ही नमुने न जपण्याची किंमत आहे. गावच्या दप्तराने एक शहाणपण फार पूर्वी अंगी बाणविले : प्रश्न पुन्हा पुन्हा येणार असेल, तर उत्तर लिहून ठेवावे, त्याचे कारण सांगावे आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. आजच्या मोठ्या संस्थांना आपल्या प्रणालींबाबत तेच करावयाचे आहे.